मेरा पीकची तयारी, आठवडा 10: लिफ्टने वर, पायी खाली

ऑक्टोबरच्या मध्यात निघायचं आहे, म्हणजे हातात जेमतेम नऊ आठवडे. मागच्या नोंदीनंतर तयारीची दिशाच बदलली, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहितो आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मेरा पीक नेपाळमध्ये, हिंकू खोऱ्याच्या माथ्याशी. तिथल्या ट्रेकिंग पीकमध्ये (साध्या परवान्यावर चढता येणारी शिखरं) सगळ्यात उंच मानलं जाणारं. उत्तर शिखर 6476 मीटर, पण बहुतेक जण मधल्या, 6461 मीटरच्या शिखरावर जातात. आम्हीही तिथेच जाणार आहोत. तांत्रिक चढाई फारशी नाही. लांबच लांब बर्फाचा उतार, हिमभेगांमुळे एका दोराला बांधून चालणं आणि अगदी शेवटी घुमटासारख्या माथ्याखाली एक छोटा खडा टप्पा. मी दोन वर्षांपूर्वी उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला आहे, माझ्या साथीदाराने त्याआधी. बर्फावर क्रॅम्पॉन (बुटांखाली लावायचे धातूचे काटे) घालून चालणं आम्हाला नवं नाही. नवीन आहे ती उंची. आणि राहतो मुलुंडला, समुद्रसपाटीवर.

पहिले पाच आठवडे मी सगळे करतात तेच केलं. आमची इमारत 22 मजली आहे, तळापासून गच्चीपर्यंत साधारण 66 मीटर. सॅकमध्ये पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या भरायच्या, जिन्याने चढायचं, गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी ओतायचं आणि गुडघे जपायचे म्हणून लिफ्टने खाली यायचं. दहा फेऱ्या म्हणजे 660 मीटर. हायकॅम्प, म्हणजे शिखराआधीचा शेवटचा मुक्काम, 5780 मीटरवर आहे, तिथून माथा 681 मीटर वर. आकडा जुळत होता, त्यामुळे मी खूश होतो.

सहाव्या आठवड्यात कळसूबाईला गेलो. रात्रीची कसारा लोकल, पुढे जीपने बारी, पहाटे चढाई सुरू. पाठीवर बारा किलो. चढताना काहीच त्रास नाही. शिड्यांवर धुकं आणि वारा होता, पण दम कुठेही तुटला नाही. माथ्यावर देवीपुढे हात जोडताना वाटलं, तयारी रुळावर आहे.

उतरताना शेवटच्या शिड्यांखाली मांड्या थरथरायला लागल्या. ओल्या दगडावर पाय ठेवला की गुडघा आपोआप दुमडायचा. दोनदा बसकण मारली. गावात पोचेपर्यंत काठीवर पूर्ण भार टाकून चालत होतो. पुढचे दोन दिवस ऑफिसला जाताना स्टेशनचा पूल चढता येत होता, उतरताना मात्र कठडा धरावा लागत होता.

घरी येऊन वही उघडली आणि जो आकडा कधी मांडलाच नव्हता तो मांडला. शिखराच्या दिवशी हायकॅम्पवर मुक्काम करायचा नसतो. माथ्यावरून त्याच दिवशी थेट खारेपर्यंत उतरायचं, आणि खारे, हायकॅम्पच्या खालची वस्ती, 5045 मीटरवर. म्हणजे 681 मीटर चढ, 1416 मीटर उतार. चढाच्या दुपटीहून जास्त. तोही मध्यरात्री उठून, धड न जेवता, सहा-सात तास चालून झाल्यावर, जड बुटांत. माझ्या इमारतीच्या हिशेबात साडेएकवीस फेऱ्या खाली. आणि पाच आठवड्यांत मी एक मजलाही उतरलो नव्हतो.

उतरताना नेमकं काय होतं

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आकसत काम करतो. उतरताना तोच स्नायू लांब होत असतो आणि त्याच वेळी शरीराचा भार रोखून धरत असतो, ब्रेक लावल्यासारखा. यात दम फार लागत नाही, म्हणून मेहनत होते आहे हे कळत नाही. पण स्नायूच्या तंतूंना बारीक इजा याच कामाने जास्त होते आणि दुखणं दुसऱ्या दिवशी वर येतं. चांगली बाजू अशी की स्नायू हे लवकर शिकतो. एकदा नीट उतरण्याचा भार दिला की पुढचे काही आठवडे त्याच भाराने तितकी इजा होत नाही. माझ्या मते समुद्रसपाटीवर राहणाऱ्या माणसाला हिमालयासाठी पूर्णपणे कमावून नेता येईल अशी हीच एक गोष्ट आहे. विरळ हवेची सवय मुंबईत लागणार नाही. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब इथल्या जवळपास निम्मा असतो आणि त्यावर उपाय म्हणजे तिथे जाऊन दिवस काढणं. उतरणारे पाय मात्र इथेच तयार होतात.

म्हणून क्रम उलटा केला. आता पहिल्या फेऱ्या दोन्ही बाजूंनी पायी आणि त्यानंतर लिफ्टने वर, पायी खाली. वॉचमनकाकांना पहिल्या दिवशी कळेना की मी सॅक घेऊन सारखा लिफ्टमध्ये का शिरतो आहे. समजावल्यावर आता तेच फेऱ्या मोजतात. पाणी गच्चीवर ओतायचं बंद केलं, वजन खालीही घेऊन येतो.

सातव्या आठवड्यात पाच किलो आणि सहा उतार. दुखलं. आठव्यात तेवढंच वजन, दहा उतार, दुखणं निम्मं. नवव्यात आठ किलो, चौदा. या रविवारी दहा किलो, दहा फेऱ्या दोन्हीकडून पायी आणि वर आणखी सात उतार, एकूण सतरा. सोमवारी सकाळी स्टेशनच्या पुलावरून कठडा न धरता उतरलो. असा दिवस आठवड्यातून एकदाच, बाकी दिवशी हलकं चालणं. जास्त केलं तर गुडघा बोलतो, हे नवव्या आठवड्यात बुधवारी पुन्हा उतार काढून पाहिलं तेव्हा कळलं.

पाऊल टाकण्याची पद्धतही बदलली. पूर्वी टाच आपटत उतरायचो. आता गुडघा किंचित वाकवलेला, पाऊल सबंध टेकलेलं, आवाज येता कामा नये. सातव्या मजल्यावरच्या काकूंनी परवा विचारलं, "हल्ली जिना उतरत नाहीस का रे?" मला फार आनंद झाला.

बुटांचा दिवस

साथीदाराने ओळखीतून दुहेरी बूट (बाहेर कडक, आत वेगळा मऊ बूट असलेले बर्फाचे बूट) दोन दिवसांसाठी मिळवले. पहाटे पाचला, उकाडा वाढायच्या आत, ते घालून आठ वेळा जिना उतरलो. घोटा अजिबात वाकत नाही, त्यामुळे साध्या बुटात घोटा जो धक्का झेलतो तो सगळा गुडघ्यावर आणि मांडीवर येतो. आमचे बूट काठमांडूत थामेलला भाड्याने घेणार आहोत. तिथे फक्त उभं राहून माप बघायचं नाही, दुकानाचा जिना उतरून बघायचा, हे ठरवलं. दोन मोज्यांवर घालूनही उतरताना अंगठा पुढे आपटत असेल तर तो बूट नको.

बाकी तयारी थोडक्यात. गच्चीवर दोन खांबांमध्ये दोर बांधून, जाड हातमोजे घालून अँकर (दोर जिथे पक्का बांधलेला असतो ती जागा) ओलांडताना कॅराबिनर, म्हणजे दोरात अडकवायची कडी, बदलायचा सराव चालू आहे. आधी नवा अडकवायचा, मगच जुना काढायचा. डोळे मिटूनही जमायला हवं. मुंब्र्याचा कातळ अजून शेवाळलेला आहे, रॅपलिंग (दोरावरून उतरणं) तिथे पाऊस ओसरल्यावर. दमाचा सराव घड्याळ बघून करणं मी सोडलं. ऑगस्टच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि त्याच चालीला ठोके जास्त पडतात. बोलताना पूर्ण वाक्य तुटत नसेल तर चाल बरोबर, एवढंच बघतो.

डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल विचारणा झाली होती. डॉक्टरांकडे गेलो, सल्फाची ॲलर्जी नाही याची खात्री करून घेतली आणि त्यांच्या सल्ल्याने एक दिवस घरीच घेऊन पाहिली. बोटांना मुंग्या आल्या, सोडा बेचव लागला. हे आधीच माहीत असलेलं बरं.

मार्ग ठरला

विमान उतरतं ते लुक्ला 2860 मीटरवर. तिथून झत्रवा ला ही खिंड ओलांडून हिंकू खोऱ्यात लवकर उतरता येतं, पण ती खिंड 4600 मीटर आहे, आणि मुंबईहून आलेल्या माणसाने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथे असणं मला पटत नाही. तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, हा नियम आम्ही पाळणार. म्हणून जाताना दक्षिणेकडून, पैया-पांगोमच्या जंगलातून लांबच्या वाटेने कोठे या गावाला (3600 मीटर), आणि झत्रवा खिंड परत येताना. कोठे ते थाकनाक साडेसातशे मीटरची उडी आहे, थाकनाक ते खारे सातशेची. मध्ये सोयीचा मुक्काम नाही, म्हणून थाकनाकला एक आणि खारेला दोन जादा रात्री ठेवल्या. थाकनाकच्या वरचा साबाई त्शो हा हिमतलाव 1998 च्या सप्टेंबरमध्ये फुटला होता. विश्रांतीच्या दिवशी तिकडे चालत जाऊन परत खाली झोपायला यायचं.

हवामानासाठी वर दोन दिवस राखून ठेवले आहेत. या सगळ्यामुळे रजाही वाढली. साहेबांशी बोलणं झालं आहे, लेखी मंजुरी यायची आहे.

पुढचा आठवडा

शनिवारी रात्री आसनगाव, रविवारी माहुली. पायथ्यापासून वरपर्यंत साधारण सातशे मीटर, म्हणजे हायकॅम्प ते माथा एवढंच. वन खात्याने वाट सुरू ठेवली असेल तरच, नाहीतर पुन्हा जिना आणि एकवीस उतार. पाठीवर दहाच किलो. चढायला कितीही वेळ लागो, घड्याळ मी उतरायला सुरुवात करताना लावणार आहे, आणि खाली गावात पोचल्यावर एका पायावर दहा वेळा बसून उठता येतं का ते पाहून इथे लिहीन.