‘किती तेल सांडणार?’

हायड्रॉलिक पॉवरपॅकचं (मशीनला दाबाने तेल पुरवणारा टाकी-पंपाचा संच) तेल बदलायचं होतं. टाकी 320 लिटरची. परमिट, लॉकआउट, मेन स्विचला कुलूप, सगळं पटापट उरकलं. अडलो ते स्टोअरच्या खिडकीवर.

ट्रे आणि तेल शोषणारे पॅड हवे होते. मागणीपत्रात एक रकाना: ‘अपेक्षित सांडणारे तेल (लिटर)’. मी शून्य लिहिलं. स्टोअरकीपर म्हणाले, “साहेब, काहीच सांडणार नाही तर ट्रे कशाला?” म्हटलं, “ट्रे असेल म्हणूनच सांडणार नाही ना!” कागद परत सरकवला. मग 5 लिहिलं. तर म्हणे, सांडणार असेल तर सेफ्टीची सही लागते. सेफ्टीच्या मॅडम मीटिंगमध्ये. तिथल्या बाकड्यावर दोन तास बसलो. मागे कोपऱ्यात भला मोठा पसरट ट्रे भिंतीला टेकवून ठेवलेला दिसत होता, तो बघत.

मॅडम आल्या, माझे 5 खोडले आणि 352 लिहिले. “टाकीच गळली तर? सगळ्यात मोठ्या भांड्याच्या 110 टक्के मावलं पाहिजे.” 352 लिटरवर स्टोअरकीपरनी अवाक्षर काढलं नाही. तोच ट्रे मिळाला.

तोवर तेल गार. खरं तर ते कोमट असतानाच काढायचं असतं, पातळ असतं आणि तळाचा गाळही सोबत येतो. (कडकडीत गरम मात्र नको, हात भाजतो.) 68 ग्रेडचं (हा घट्टपणाचा आकडा) तेल थंड झाल्यावर काय वेगाने उतरतं ते ज्यांनी काढलंय त्यांनाच ठाऊक. जेवणाची सुट्टी गेली ती गेलीच.

आणखी एक, ड्रेन प्लगचा शेवटचा आटा सुटला की धार सरळ खाली पडत नाही, वीतभर पुढे उडते. पातळी उतरते तशी ती मागे मागे येते. छोटा ट्रे असता तर सारखा सरकवत बसलो असतो. जमलं तर प्लगच्या जागी बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या, होज थेट पिंपात सोडता येतो.

हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: टाकी रिकामी करण्याआधी मशीनच्या सगळ्या सिलेंडरचे दांडे आत घ्या, नाहीतर सिलेंडरमधलं तेल नंतर, ट्रे उचलल्यावर येतं. अ‍ॅक्युम्युलेटर (दाबाखालचं तेल साठवणारं भांडं) असेल तर पंप बंद केला तरी प्रेशर राहतं. ते सोडून गेज शून्यावर आलेला डोळ्यांनी बघा, मगच जोड सैल करा.

इतकं करून सांडलं ते एका होजमधून. सोडवला, टोपी लावायची राहिली, वाकवला आणि अर्धा कप तेल फरशीवर. दोन पॅडमध्ये टिपलं गेलं.

संध्याकाळी ट्रे परत करताना पुन्हा फॉर्म: ‘प्रत्यक्ष सांडलेले तेल’. मी प्रामाणिकपणे लिहिलं, अर्धा कप.

“साहेब, रकाना लिटरचा आहे.”