वकील बाजारातला पालथा गालिचा

पर्सेपोलिसचे प्राचीन अवशेष पाहिले, कवी हाफिजच्या कबरीपाशी गर्दीत उभी राहिले. त्याबद्दल खंडीभर लिहिलं गेलंय. इराणमधलं शिराझ म्हटलं की मला आठवते ती वकील बाजारातली दुपार.

गालिच्यांच्या पहिल्याच दुकानात डोकंच उठलं. ‘इंचाला इतक्या गाठी’ हे एकच पालुपद, जणू गालिच्याची प्रत तेवढ्यावरच ठरते. कशकाई या भटक्या जमातीच्या गालिच्याला हे माप लावणं म्हणजे घोंगडीला पैठणीचे निकष लावणं! शहरी गालिच्यात ताणा, म्हणजे उभे धागे, बहुधा सुती असतो, यांच्यात सहसा तोही लोकरीचाच. माग जमिनीवर आडवा, खुंट्या ठोकून ताणलेला. तळ हलला की तो गुंडाळायचा आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा मांडायचा. मग एक टोक रुंद, दुसरं अरुंद होणारच.

दुसऱ्या दुकानातल्या आजोबांनी आधी चहा दिला आणि गालिचा चक्क पालथा टाकला. पाठीवरून बोटं फिरवायला लावली, गाठी हाताला लागाव्यात म्हणून. मग सुलटा करून लव दोन्ही अंगठ्यांनी फाकवली. मुळाशी भडक आणि टोकाला विटकी दिसली, तर रंगाची शंका घ्यायची. ओला पांढरा रुमाल घासला. तो पांढराच राहिला. मंजिष्ठेचा लाल रंग मध्येच एका पट्ट्यात फिकट झाला होता. लोकर थोडी थोडी रंगवली की प्रत्येक खेपेची छटा वेगळी उतरते. त्याला तिथे ‘अब्रश’ म्हणतात आणि तो दोष मानत नाहीत. कोपऱ्यातली रफू मात्र त्यांनी आपणहून दाखवली. माझ्या मते गिऱ्हाइकाचा पाहुणचार तो हाच, चहा त्यापुढे दुय्यम. परदेशी कार्डं इराणमध्ये चालत नाहीत. जवळच्या रोख रियालांत बसला तेवढा लहानसा गालिचा घेतला.

मुंबईत आणल्यावर खरा ताप पावसाळ्याचा. कसर अंधारात, हलवाहलव नसलेल्या जागी लोकर खाते, म्हणून सोफा सरकवून दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम करावा लागतो, तोही कडेच्या दशा सांभाळून. ठेवायचा तर गुंडाळून, घडी नाही. घरचे वैतागतात. आणि गालिचे धुणाऱ्या एका दुकानदाराने तर रंग न तपासताच तो मशीनमध्ये टाकायची तयारी दाखवली, वर ‘एकदम नवा करून देतो’ म्हणाला! मी तो तसाच उचलून परत आणला.