मुदत कुठून मोजायची?

15 ऑक्टोबर 2025, बुधवार. दिवाळी तोंडावर आलेली. ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं सुरू झाल्यापासून कोल्हापुरातल्या निम्म्या वकिलांचं लक्ष तिकडेच, माझा ज्युनियरही तिकडेच. शाहूपुरीतल्या ऑफिसात मी एकटी होते. तेवढ्यात राधानगरी तालुक्यातलं एक जोडपं आलं.

"मॅडम, दवाखान्यावर केस घालायला किती दिवसाची मुदत असती वो?" नवऱ्याने बसायच्या आधीच विचारलं.

असा प्रश्न आला की मी आधी कागद मागते. बाईंनी साडीच्या दुकानाची जाड कॅरीबॅग टेबलावर ठेवली.

मे 2022 मध्ये शहरातल्या एका खासगी दवाखान्यात त्यांची गर्भपिशवी काढली होती. तेव्हापासून पोट दुखायचं थांबलं नाही. पुढे दुसरीकडे सीटी स्कॅनमध्ये गाठ असावी असं आलं, म्हणून 16 ऑक्टोबर 2023 ला पोट पुन्हा उघडलं. गाठ नव्हतीच. डिस्चार्ज कार्डवर सर्जननी स्वच्छ लिहिलं होतं : आतड्याला चिकटलेला सर्जिकल मॉप काढला. म्हणजे ऑपरेशनच्या वेळी रक्त टिपायचं कापड.

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. पहिल्या ऑपरेशनपासून मोजली तर मुदत मे 2024 मध्येच संपलेली. मॉप सापडला त्या दिवसापासून मोजली तर ती उद्या संपत होती.

"दोन वर्षं काय केलंत?"

दवाखान्याचा मॅनेजर 'बसून मिटवू' म्हणत होता. आधी दिवाळीनंतर, मग ऊस तुटून गेल्यावर, मग मोठे डॉक्टर परदेशातून आल्यावर. त्यातच मेव्हण्याने कुणा वकिलाकडून नोटीस पाठवलेली, आणि नोटीस गेली की मुदत थांबते असं सगळं घर धरून चाललेलं. नोटिशीने मुदत थांबत नाही. तडजोडीची बोलणी चालू आहेत म्हणूनही थांबत नाही. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण गावोगाव उलटंच पसरलेलं आहे. माझ्या मते त्या मॅनेजरला मात्र ते पक्कं ठाऊक असावं.

मला काळजी वेगळीच होती. सुप्रीम कोर्टाचा 2010 चा श्रीखंडे निकाल. 1993 मध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन, 2002 मध्ये पोटात गॉज सापडला, 2004 मध्ये तक्रार. इजा आत दडलेली असेल तर मुदत ती कळल्यापासून मोजायची, किंवा नीट चौकशी केली असती तर जेव्हा कळली असती तेव्हापासून, हे कोर्टाने मान्य केलं. आणि तरीही तक्रार करणाऱ्या बाई हरल्या. त्या स्वतः नर्स, इतकी वर्षं पोटात दुखतंय, मग ऑपरेशन करणाऱ्या सर्जनकडे एकदाही का गेल्या नाहीत, यावर सगळं अडलं.

म्हणून मी एकच विचारलं. "वहिनी, दुखत होतं तेव्हा परत त्याच डॉक्टरांकडे गेला होता?"

"तर वो! दर बारीला तिथंच."

"त्याचा कागद?"

त्यांनी कॅरीबॅग उपडी केली. मेडिकलची बिलं, सोनोग्राफी, लाइटबिल, सोसायटीची पावती. सगळ्यात खाली टाचणी मारलेल्या त्या दवाखान्याच्याच चिठ्ठ्या. जून 2022, ऑगस्ट, डिसेंबर, मग पुढच्या वर्षीचा मार्च. प्रत्येकीवर 'पोटदुखी' आणि गॅसेसच्या गोळ्या. एकीवर 'मानसिक ताण' आणि पुढे प्रश्नचिन्ह.

एवढं कुणी जपत नाही. कसं ठेवलंत, विचारलं तर म्हणाल्या, "डॉक्टर वरडायचं की, मागचा कागद न्हाई आणला तर."

या चिठ्ठ्यांचं मोल आणखी एका कारणाने होतं. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचे असतात. रुग्णाने मागितले तर 72 तासांत द्यायचे. यांनी कधी मागितलेच नव्हते, आणि तीन वर्षं मे 2025 मध्येच भरलेली. दवाखान्याने हात वर केले असते तर आमच्याकडे या टाचणीतल्या कागदांशिवाय काही नव्हतं.

दोघं रात्री पाहुण्यांकडे राहिले, मी मसुदा लिहीत बसले. मॉपबद्दल फार लिहावं लागलं नाही, ते कापड स्वतःच बोलतं. घोळ होता विलंबमाफीच्या अर्जाचा. तो दिला तर उशीर झाल्याचं आपणच कबूल केल्यासारखं. न द्यावा आणि ग्राहक आयोगाने मे 2022 धरलं, तर तक्रार जागीच संपली. शेवटी लिहिलं, उशीर झालेलाच नाही, तरी आयोगास तसे वाटल्यास माफ व्हावा. कागदावर दुटप्पी दिसतं, पण अशा प्रकरणात मी ते नेहमी देते. गुरुवारी सकाळी नोटरी आणि दिवसभर स्कॅनिंग. ऑपरेशनचं बिल पाच लाखांच्या आत, त्यामुळे फी नाही. संध्याकाळी ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या पोर्टलवर पोच आली.

तक्रार दाखल करून घेतली गेली, नोटीस निघाली. समोरच्यांनाही मुदत असते : उत्तराला 30 दिवस, फार तर आणखी 15. त्यापुढे आयोगालाही एक दिवस वाढवून देता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2020 मध्ये पक्कं केलं आहे. दवाखान्याचं उत्तर वेळेत आलं. पहिलाच मुद्दा, तक्रार मुदतबाह्य. खाली आणखी एक वाक्य : डिस्चार्जनंतर रुग्ण कोणतीही तक्रार घेऊन आमच्याकडे आलेली नाही. आम्ही प्रत्युत्तरासोबत चारही चिठ्ठ्या पुन्हा जोडल्या आहेत. युक्तिवाद व्हायचा आहे.