गंगेचा सोंस, गोदेचा झिंगा

नागपुरात तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवल्यामुळे असेल, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हटकून विचारले जाते, "सर, डॉल्फिन आणि झिंगा, दोन्ही मासेच ना?" दोन्ही मासे नाहीत, एवढे ऐकले की विचारणारा मठ्ठ्याकडे वळतो. तुम्ही मात्र पुढे विचारलेत की, मासे नाहीत तर मग त्यांच्यात सारखे काय, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गंगेतला डॉल्फिन, म्हणजे सोंस, २००९ साली आपला राष्ट्रीय जलचर ठरला. तो सस्तन प्राणी असल्याने श्वासासाठी त्याला दर एक-दोन मिनिटांनी वर यावेच लागते. गोदावरीच्या झिंग्याला हाडच नाही. त्याला दहा पाय आणि कल्ले असतात आणि वाढायचे तर जुने कवच टाकावे लागते. सोंसाच्या डोळ्यात भिंग नसते, त्यामुळे गढूळ पाण्यात तो आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवर भक्ष्य हुडकतो आणि त्या भक्ष्यात झिंगेही येतात. झिंग्याचे डोळे मात्र देठांवर चांगले बाहेर आलेले असतात. शिकारीला दिसते, शिकाऱ्याला दिसत नाही, तरी निकाल बहुधा शिकाऱ्याच्याच बाजूने लागतो.

मला खरे नवल वाटते ते मिठाचे. डॉल्फिन म्हटले की समुद्र आठवतो आणि सोंसाचे पूर्वज समुद्रातलेच. पण हा आता गोड्या पाण्यातच जन्मतो आणि तिथेच संपतो. याउलट ज्याला आपण नदीचा झिंगा म्हणतो, त्याच्या पिल्लांना गोडे पाणी पुरत नाही. गेल्या पावसाळ्यात बुधवार बाजारात मासळीवाल्या बाईंनी एक झिंगा उलटा करून दाखवला, तेव्हा पोटाखालच्या पायांमध्ये खसखशीएवढ्या अंड्यांचा करडा गुच्छ होता. करडा रंग म्हणजे अंडी फुटायला आलेली. अशी मादी पुराच्या पाण्याबरोबर खाली, खाडीच्या मचूळ पाण्याकडे जाते. पिल्ले तिथे वाढतात आणि नखाएवढी झाली की काठाकाठाने प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. आपली नाग नदी कन्हान, वैनगंगा आणि प्राणहितेतून त्याच गोदावरीला मिळते, हे इथे सांगितले की लोक जरा दचकतात.

तेव्हा सारखे काय, तर दोघांनाही नदी सलग लागते. गंगेवर १९७५ साली फराक्का बंधारा सुरू झाला, गोदावरीवर धवळेश्वरमला तर १८५२ पासून बंधारा आहे. मात्र दोघांचे नुकसान एकाच तऱ्हेचे नाही. बंधाऱ्यांनी सोंसांचे गट एकमेकांपासून तुटतात, तरी पाणी आणि मासे टिकले तर तुटलेल्या पट्ट्यातही एखादी मादी पिल्लाला दूध पाजत राहू शकते. झिंग्याला ती सोय नाही. भिंत चढता आली नाही, तर वरच्या पात्रातल्या म्हाताऱ्या झिंग्यांची जागा घ्यायला कोणी येतच नाही.