तुम्ही विचारलंत म्हणून: मी आधी का जेवते

“हल्ली तू सगळ्यांच्या आधी जेवतेस म्हणे?” मावससासूबाईंनी विचारलं, नणंदेने फोनवर विचारलं, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी वाण घेता घेता विचारलं. दर वेळी मी “अहो, गोळ्या असतात ना” म्हणून विषय संपवला. गोळ्या बंद होऊन बरेच दिवस झाले, तरी मी आधीच जेवते. म्हणून आता एकदाच सगळं सांगते.

माझ्या गर्भाशयात गाठी होत्या, पाळीत फार रक्त जायचं, हे तुम्हाला माहीत आहे. ते कळलं कसं हे मात्र फारसं कुणाला माहीत नाही. मंडळाच्या रक्तदान शिबिराला मी हौसेने गेले होते. तिथे बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. रक्त पुरेसं असेल तर थेंब झरकन तळाला जातो. माझा वरच तरंगत राहिला. तिथला मुलगा म्हणाला, “ताई, तुम्ही रक्त देऊ नका. आधी तुमचंच तपासा.” रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. माझा रिपोर्ट आला ६.१. बाईचं १२च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात, ८च्या खाली गेलं की तो तीव्र धरतात. त्या ६.१वर मी पहाटे उठत होते, जिने चढत होते, धुणी वाळत घालत होते. धाप लागायची, ती वयाच्या खात्यावर टाकायची. तांदूळ निवडताना मूठभर कच्चेच चावून खायची मला सवय लागली होती आणि घरात त्याची चेष्टा व्हायची. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं की असं काहीबाही खावंसं वाटणं हे अंगातलं लोह संपल्याचं लक्षण आहे.

आता तुमचा पुढचा प्रश्न. “रक्त पाळीत गेलं, मग जेवणाच्या नंबराचा काय संबंध?” बरोबर आहे. ‘तुम्ही आधी जेवा’ असं कुठल्याही डॉक्टरने मला लिहून दिलेलं नाही. गाठींवर उपचार झाले, शिरेतून लोह दिलं, मग गोळ्या. सकाळी उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर गोळी, त्यानंतर तासभर चहा नाही, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. मळमळ व्हायची, शौचाला काळं व्हायचं, तरी घेतल्या. पण गेलेलं रक्त भरून यायचं ते ताटातूनच ना? आणि माझ्या ताटात काय यायचं? सगळ्यांचं झाल्यावर मेथीच्या भाजीचं कढईला लागलेलं, उसळीतलं पाणी, रविवारी मटणाचा नुसता रस्सा आणि भात. भात नेहमी उरायचा. पोट भरायचं, त्यामुळे आपण उपाशी आहोत असं कधी वाटलंच नाही. बीट खा, खजूर खा, अळिवाचे लाडू कर, असं सगळ्यांनी प्रेमाने सांगितलं. लाडू मी केलेसुद्धा. तेही आधी मुलांच्या डब्यात गेले.

पण तुम्ही विचारता ते रोजच्या जेवणाबद्दल नाही, हे मलाही कळतं. तुम्हाला त्या गौरीजेवणाचं विचारायचं असतं. तेव्हा तेच सांगते.

उपचार चालू होते. शिरेतून लोह देऊन झालं होतं, आकडा हळूहळू चढत होता, पण १० सुद्धा झाला नव्हता. ज्येष्ठा गौरीपूजनाचा दिवस. आमच्याकडे सोळा भाज्या, पुरणपोळी, कटाची आमटी, नैवेद्य दाखवल्याशिवाय बायकांनी तोंडात काही घालायचं नाही. पहाटे पुरण शिजायला घातलं तेव्हापासून धाकटी जाऊ आणि मी उभ्या होतो. आरती व्हायला दुपारचे अडीच वाजले. पहिली पंगत पुरुषांची, मुलांची, आणि सवाष्ण म्हणून बोलावलेल्या शेजारच्या काकूंची. त्यांना पाट, पाटाभोवती रांगोळी, खणानारळाची ओटी, पोळीवर तुपाची धार. मी वाढत होते. ताटं मला दोन-दोन दिसायला लागली. चुलत सासऱ्यांच्या शेजारी एक पान मांडलेलं रिकामं होतं, कुणीतरी यायचे राहिले होते. मी हातातलं भाजीचं पातेलं खाली ठेवलं आणि त्या पानावर बसले.

सगळी पंगत गप्प झाली. अण्णा, म्हणजे चुलत सासरे, हात आखडून बसले. सासूबाई तुपाचं भांडं घेऊन दारात उभ्या होत्या. त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. “अगं, वाढायला कोण मग?” एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, “आई, मला चक्कर येतेय. मी जेवते.” आणि जेवले. कुणाकडे न बघता पुरणपोळी खाल्ली, अळूची भाजी मागून घेतली, परत घेतली. माझ्या पानात कुणी तूप वाढलं नाही. नवरा समोर बसला होता. तोही काही बोलला नाही आणि उठलाही नाही. त्यावर आमचं नंतर बरंच बोलणं झालं, ते इथे लिहिणार नाही.

त्या दुपारी सासूबाई जेवल्या नाहीत. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, “आमच्या काय अंगात रक्त नव्हतं? आम्ही कधी बसलो का असं?” त्यांची पिशवी पंचेचाळिशीच्या आत काढली होती. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांचं अंगावर जात होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. हे मला माहीत होतं, म्हणून मी उलट बोलू शकले नाही. त्या माझ्यावर रागावल्या होत्या की त्यांच्यासाठी कधीच कुणी पान मांडलं नाही याचं दुःख होतं, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. दोन्ही असेल.

मी माझ्याशीच अजून भांडते. पूर्वी मीच अभिमानाने सांगायचे, “सगळे जेवून उठले की माझं पोट भरतं.” ते खोटं नव्हतं. गरम पोळी ताटात पडल्यावर मुलाचा चेहरा खुलतो, त्याचं समाधान मला आजही आहे आणि ते मला सोडायचं नाही. पण ज्या गौरीला आपण माहेरवाशीण म्हणून आणतो, तिच्यासमोर बाहेरच्या सवाष्णीला पाटावर बसवून तुपात जेवू घालतो. मग घरातल्या सवाष्णी तीन वाजेपर्यंत उपाशी कशासाठी? पूर्वीची मी म्हणेल, रीत आहे. मी म्हणते, सवाष्णीला जेवू घालणं हीच तर रीत आहे. तिला हे पटत नाही, आणि सणाच्या दिवशी तिचंच बरोबर आहे की काय असं मलाही वाटून जातं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के जणींना रक्तक्षय होता. म्हणजे हळदीकुंकवाला मला टोकणाऱ्या बायकांमध्येही त्या असणारच. त्यांना हे सांगावं तर त्या म्हणतात, आम्हाला काही होत नाही. मलाही काही होत नव्हतं.

एक गोष्ट मात्र तुमच्यापैकी कुणीच विचारलेली नाही. मी त्या पानावर बसले तेव्हा खाली ठेवलेलं पातेलं कुणी उचललं? दीर उठले नाहीत, मोठी मुलं उठली नाहीत. जाऊ उठली. सगळी पंगत तिने एकटीने वाढली, आणि चार वाजून गेल्यावर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या जेवली. मी आधी जेवले म्हणून ती आणखी शेवटी गेली. माझ्या जेवण्यावर तुम्ही बोट ठेवता तेव्हा मी तावातावाने उत्तर देऊ शकते. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

रोजचं थोडं बदललंय. मुलगा आणि पुतण्या स्वतःचं वाढून घेतात, भाजी मी आधीच सगळ्यांच्या वाटणीची वेगळी काढते, जावेची वाटी झाकून ठेवते. तरी कधी कधी ती वाटी संध्याकाळी मुलांच्या ताटात गेलेली दिसते. सासूबाई माझ्याबरोबर बसत नाहीत, पण मी बसले की आता उठूनही जात नाहीत. गौरीजेवणाचं म्हणाल, तर यंदा पहिल्या पंगतीला बायका बसतील आणि वाढायला पुरुष उभे राहतील, असं मी सुचवलंय. नवरा हो म्हणालाय. दीर हसले. सासूबाईंनी अजून काहीच सांगितलेलं नाही, आणि जाऊ म्हणते, “ताई, माझ्यावरून वाद नको.”

तिलाही जिना चढताना धाप लागते. रक्त तपासून ये म्हणून मी तिच्या मागे लागलेय, बरोबर येते म्हणाले, पैसे देते म्हणाले. ती म्हणते, गौरी होऊ देत, मग बघू.