साडेतीन वाव पाणी

मराठीने नांगर हा एकच शब्द दोन कामांना जुंपला आहे आणि ती दोन्ही कामे एकमेकांच्या थेट उलट आहेत. शेतातला नांगर चालला तरच त्याचा उपयोग. पाण्यातला नांगर चालू लागला तर अनर्थ. सुकाणू आणि शीड या शब्दांचेही आपण असेच काहीतरी करून ठेवले आहे. सुकाणू कधी हातात न धरलेली माणसे सुकाणू समितीत बसतात, आणि त्या समित्यांच्या इतिवृत्तांत कारकिर्दीची दहा वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या बाईला नांगर म्हटले की बैल आठवतात. पाण्यातला नांगर मी पहिल्यांदा हातात धरला तो वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, माघातल्या एका रविवारी, मुंबईजवळच्या घारापुरी बेटाच्या पूर्व अंगाला.

माझ्या धाकट्या भावाने आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून चोवीस फुटांची एक जुनी शिडाची बोट घेतली आहे. आम्ही दोघेही राहतो नेरूळला, खाडीपासून चालत पंधरा मिनिटांवर. पण बोट उभी असते मुंबईच्या बाजूला, अपोलो बंदरासमोर. त्यामुळे पहाटेची लोकल पकडून, वाशीच्या पुलावरून खाडी ओलांडून, तासाभराहून अधिक प्रवास करून मुंबई गाठायची, आणि तिथून वाऱ्यावर दोन तास घालवून परत आपल्याच खाडीच्या तोंडाशी यायचे, असा हा उफराटा कार्यक्रम असतो. घारापुरीच्या मागे नांगर टाकला की न्हावा-शेव्याच्या क्रेन समोर दिसतात, उत्तरेला अटल सेतूची लांबच लांब रेघ दिसते, आणि हवा स्वच्छ असली तर त्यापलीकडे आमच्या नवी मुंबईच्या पाठीशी असलेले डोंगरही. घरातून घर दिसावे म्हणून एवढा वळसा घालणारी माणसे मी तरी दुसरी पाहिलेली नाहीत.

त्या दिवशी सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा अजून टिकून होता. भरतीचे शेवटचे पाणी आत शिरत होते, त्याचाही थोडा हातभार मिळाला. वाटेत जवाहर द्वीप लागले. ते तेलाच्या जहाजांसाठी राखलेले, तिथे आपल्याला पाय ठेवता येत नाही. त्याला दूर ठेवूनच आम्ही पुढे गेलो. मला वाटत होते की एकदा बेट जवळ आले की बोट थांबवायची आणि उतरायचे. प्रत्यक्षात बेट जवळ आल्यावर भाऊ अर्धा तास नुसता फिरत राहिला. कधी नकाशात बघ, कधी खोली मोजणाऱ्या यंत्राकडे बघ, कधी किनाऱ्याकडे बघ. घारापुरीला वीज पोहोचली ती 2018 मध्ये, समुद्राखालून टाकलेल्या साडेसात किलोमीटरच्या केबलमधून. अशा केबलच्या आसपास नांगर टाकायचा नसतो, हे मला त्याने तेव्हा सांगितले. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे अंधारात काढलेल्या गावाची वीज आपल्या नांगराच्या फाळाने घालवली, तर त्या गावात पुन्हा कोणत्या तोंडाने उतरणार?

शेवटी जागा ठरली. “ताई, पाणी साडेतीन वाव आहे,” तो म्हणाला. यंत्रावर मीटर दिसत होते, पण दोराचे काम वावांत करायचे हा त्याचा हट्ट आहे, आणि तो मला पटला. दोन्ही हात पूर्ण पसरले की एक वाव, साधारण सहा फूट. कोळी दोर असाच मोजतात. साडेतीन वाव पाणी, त्यात बोटीची नाळ, म्हणजे तिचे पुढचे टोक, पाण्यावर अर्धा वाव उंच, म्हणजे झाले चार. आणि त्याच्या पाचपट दोर सोडायचा, म्हणजे वीस वाव. मी चकित झाले. चार वावांच्या खोलीला वीस वाव दोर कशाला? माझी कल्पना अशी की नांगर हे एक मोठे वजन असते आणि ते तळाशी पडले की बोट जागची हलत नाही. पण आमचा नांगर मला दोन्ही हातांनी सहज उचलता येत होता, आणि बोट होती दीड-दोन टनांची. नांगर वजनाने धरत नाही, फाळाने धरतो. तो आडवा ओढला गेला तर त्याचे टोक चिखलात शिरते आणि शिरतच जाते. वर ओढला गेला तर सुटून येते. दोर आखूड ठेवला की प्रत्येक लाट नाळेला वर उचलते आणि नांगराला उपटू पाहते. दोर लांब सोडला, आणि त्याच्या पुढच्या टोकाला काही हात साखळी जोडली, की ओढ जमिनीलगत राहते. तेव्हा मला कळले की आपल्या भाषेने दोन कामांना एकच शब्द दिला यात काही चूक केलेली नाही. दोन्ही नांगर जमिनीत फाळच घालतात. शेतकरी आपला नांगर तासाच्या, म्हणजे नांगरलेल्या ओळीच्या, शेवटी उचलतो, आणि खलाशी मात्र पहिल्याच वितीत तो रुतला की हात जोडतो.

बोट वाहत्या पाण्याकडे तोंड करून जवळजवळ थांबली, तेव्हा मी नांगर खाली सोडला. ‘टाकला’ म्हणण्याची पद्धत आहे, पण टाकायचा मुळीच नसतो. साखळीचा गुंता त्याच्यावरच पडतो. हात पसरून एक, हात पसरून दोन, असे मोजत मी दोर देत गेले आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर बोट मागे सरकत गेली. विसाव्या वावाला दोर खुंटाला अडकवला. मग भावाने इंजिन हलकेच उलटे चालवले आणि मला म्हणाला, “दोरावर तळहात ठेव. थरथरला तर नांगर घसरतोय, ताठ राहिला तर धरला.” दोर थरथरला, पुन्हा थरथरला, आणि मग एकदम तारेसारखा ताणला गेला. साडेतीन वाव खालच्या, कधीही न दिसणाऱ्या चिखलात काय घडले ते माझ्या तळहाताला कळले. द्वारकेच्या समुद्रात तीन भोकांचे दगडी नांगर पुष्कळ सापडले आहेत: एका भोकात दोर आणि दोन भोकांत लाकडी खुंट्या. त्या दोरांवरही कोणीतरी असाच तळहात ठेवला असणार, आणि वर बसून डोळे मिटून खालच्या चिखलाचा अंदाज घेतला असणार.

नांगर धरल्यावर भावाने किनाऱ्यावरच्या खुणा घेतल्या: दूरची एक क्रेन आणि तिच्या अलीकडचा एक खांब एका रेषेत, दुसऱ्या बाजूला बेटावरचे एक ताडाचे झाड आणि त्यामागची टेकडीची खाच एका रेषेत. या रेषा मोडल्या तर बोट सरकली. मोबाइलमध्येही तशी सोय असते, पण खुणांना चार्जिंग लागत नाही.

यानंतरचे अंतर जेमतेम दोनशे मीटर होते आणि ते बोटीला कापता येत नव्हते. शिडाच्या बोटीखाली वारा पेलण्यासाठी खोल पाती असते; तिच्यामुळेच ती उभी राहते आणि तिच्यामुळेच किनारा तिला कायमचा परका राहतो. ते काम करते रबरी डिंगी, जी दिसायला फुगवलेल्या उशीसारखी आणि वागायला म्हशीसारखी असते. मोठ्या जहाजांचे हे दुखणे जुनेच आहे. 1679 मध्ये मराठे खांदेरी बांधत असताना इंग्रजांची जहाजे बेटाला वेढा घालून होती, आणि त्यांच्या नाकाखालून मराठ्यांची लहान, उथळ पाण्यात चालणारी होडकी रात्री रसद घेऊन बेटाला लागत होती. मोठ्या जहाजाला बेट दिसते. लहान होडी त्याला लागते. (बेटाला होडी ‘लागते’, हे आपल्या मराठीत किती सुरेख आहे.)

वल्ही माझ्याकडे होती. वल्हवणारा माणूस पाठमोरा जातो; जिथे जायचे ते त्याला दिसत नाही, जे सोडून निघालो ते मात्र लहान लहान होत जाताना दिसत राहते. त्यामुळे घारापुरीला मी बोटीकडे पाहत पाहत पोहोचले, आणि मागे खडक आला की भाऊ ओरडून सांगत होता. किनाऱ्याला लागल्यावर त्याने सांगितले होते की डिंगी पाण्यातच तरंगती ठेव, तिचा छोटा नांगर टाक, आणि आपण गुडघाभर पाण्यातून चालत जाऊ. पण तो पिशव्या घेऊन पुढे गेला आणि मी शहाणपणा केला. इतकी चांगली डिंगी वाहून गेली तर काय, म्हणून ती चांगली वर ओढून तिवराच्या मुळाला बांधली.

बेटावर आम्ही लेण्यांकडे गेलो नाही. ती अनेकदा पाहिली आहेत आणि रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. मोराबंदराच्या बाजूने टेकडी चढून विटांच्या स्तूपाचे अवशेष पाहिले. जुन्या काळी पोर्तुगीज उतरले तेव्हा धक्क्याजवळ त्यांना दगडी हत्ती दिसला, त्यावरून त्यांनी बेटाला एलिफंटा नाव दिले. तो हत्ती आज भायखळ्याला आहे. हे सारे मी भावाला सांगत होते, पण खरे तर दर शंभर पावलांनी आम्ही दोघेही झाडांच्या फटीतून डोलकाठी दिसते का ते पाहत होतो. नांगर धरला आहे हे तळहाताला माहीत होते, तरी डोळ्यांना ते पटत नव्हते.

परत आलो तेव्हा एक वाजून गेला होता. डिंगी जिथे बांधली तिथेच होती. पाणी मात्र नव्हते. तिवरापासून पाण्यापर्यंत ऐंशी-नव्वद मीटर करडा, चकाकणारा चिखल पसरला होता. भावाने एक पाय टाकून पाहिला, तो मांडीपर्यंत गेला आणि चप्पल आतच राहिली. तो माझ्याकडे पाहून काही बोलला नाही. धाकट्या भावांचे हे न बोलणे फार बोलके असते.

जवळच सुकवलेली मासळी गोळा करत बसलेल्या एका मावशींनी आमच्याकडे पाहिले आणि न विचारताच निकाल दिला: “आज बारस हाय ना! नऊला भरली. आता चार वाजल्याशिवाय पानी येत नाय.” त्यांचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते, बारा तिथीचे नऊ, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. दुसऱ्या दिवशी तीच वेळ पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्रही तितकाच मागे राहतो. कालनिर्णय आमच्या स्वयंपाकघरात टांगलेले असते, त्यात मी एकादशी आणि संकष्टी पाहते. पण त्याच चौकटीत समुद्राचे वेळापत्रक आहे हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते, ते फार हलत नाही. पुनवेला आणि अवसेला उधाण, तेव्हा मुंबई बंदरातले पाणी चार मीटरहून अधिक चढते आणि उतरते. आम्ही पुनवेच्या तीन दिवस अलीकडे होतो, म्हणजे शिक्षा मध्यम प्रतीची होती.

मग तीन तास आम्ही चिखल पाहिला. चिखल पाहण्यासारखा असतो हेही मला तोवर ठाऊक नव्हते. निवट्या, म्हणजे चिखलातले लहान मासे, पाण्याबाहेर येऊन परांवर सरपटत होत्या आणि एकमेकींवर पाठीचे पाते उभारून धावून जात होत्या. एक नांगी स्वतःपेक्षा मोठी आणि दुसरी नावापुरती असलेले खेकडे ती मोठी नांगी वर-खाली करून कोणाला तरी बोलावत होते. बगळ्यांना मात्र कोणी बोलवावे लागत नव्हते. याच खाडीच्या वरच्या अंगाला, ऐरोलीकडे, असल्याच चिखलातले शेवाळ गाळून खायला हजारो रोहित पक्षी (फ्लेमिंगो) हिवाळ्यात उतरतात. त्यांच्यासाठी 2015 मध्ये खाडीत अभयारण्य झाले आणि 2022 मध्ये ते जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. आमच्या चपला गिळणाऱ्या चिखलाला आंतरराष्ट्रीय मान्यता आहे, असे मी भावाला सांगितले. त्याने त्यावरही काही म्हटले नाही.

मध्येच ठाण्याहून आईचा फोन आला. बेटावर अडकलो म्हटल्यावर ती घाबरली. “आई, तूही बेटावरच आहेस,” भाऊ म्हणाला, “एकीकडे खाडी, दुसरीकडे उल्हास नदी, तिसरीकडे समुद्र. साष्टी बेट म्हणतात त्याला.” आई पंच्याऐंशी वर्षांची आहे आणि साठ वर्षे नौपाड्यात राहते. ती म्हणाली, “आमच्या बेटावर रिक्षा मिळते.”

साडेतीनच्या सुमारास मी सहज वर पाहिले आणि माझ्या पोटात गोळा आला. बोटीच्या उजव्या अंगावर दुरुस्तीचे निळे ठिगळ आहे. सकाळपासून आम्हाला तिची डावी बाजू दिसत होती. आता निळे ठिगळ दिसत होते, आणि बोट आधीच्या जागेपासून चांगली सरकलेली होती. नांगर सुटला, मी ओरडले. भाऊ शांतपणे उठला, ताडाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला आणि डोलकाठीमागे कोणती क्रेन येते ते पाहत पाच मिनिटे थांबला. क्रेन हलली नाही. “पाणी फिरलं, ताई. ओहोटीला तिचं तोंड ठाण्याकडे होतं, आता समुद्राकडे झालंय.” वीस वाव दोराच्या टोकाला बांधलेली बोट नांगराभोवती फिरून पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती. ती फिरणारच, हे धरूनच त्याने सकाळी अर्धा तास जागा शोधली होती. तेवढ्या वर्तुळात खडक नको, दुसरी होडी नको, केबल नको. मला मात्र नांगरलेली वस्तू एका जागी राहते असे वाटत होते.

सव्वाचारला चिखलावरून पाण्याची पहिली जीभ आली. पाचच्या थोडे आधी डिंगी हलकी झाली, आणि या वेळी वल्ही भावाने घेतली.

नांगर उचलणे हे टाकण्यापेक्षा कष्टाचे असते. बोट बरोबर नांगराच्या वर येईपर्यंत मी दोर ओढत गेले, वाव मोजत गेले, आणि चौथ्या वावाला तो उभा ताठ झाला. तिथे दोर खुंटाला अडकवून आम्ही थांबलो. लाटांनीच नाळ वर-खाली करत त्याला सोडवला. वर आला तेव्हा त्याच्या दोन्ही फाळांवर निळसर करड्या मातीचे गोळे होते, लोण्यासारखे गुळगुळीत, आणि त्यांना कुजलेल्या पानांचा नि अंड्याचा मिळून येतो तसा वास होता. बादलीभर पाण्याने धुतले तरी माझ्या नखांतून तो गेला नाही.

अंधार पडल्यावर अपोलो बंदराला पोहोचलो, बोट बांधली, हार्बरची लोकल पकडली. भाऊ एका पायात चप्पल घालून खिडकीशी झोपला होता. समोर बसलेल्या बाईंनी पदर नाकाला लावला आणि जागा बदलली. वाशीच्या पुलावर गाडी आली तेव्हा मी दाराशी जाऊन उभी राहिले. खाली काळे पाणी तिवरांच्या मुळांत शिरून वर चढत होते. घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटे झाली होती.