डिस्चार्ज बुक, पदकं आणि आजींची बाजू

घरात एखादे माजी सैनिक आजोबा असले की त्यांच्याबद्दल घरच्यांना साधारण तीन गोष्टी माहीत असतात. एकाहत्तरच्या लढाईत होते, शिस्तीला कडक आहेत, आणि त्या दिवसांबद्दल फारसं बोलत नाहीत. ते गेल्यावर दहाव्याला आलेल्यांमध्येही याच तीन गोष्टी फिरतात. ऐंशी-नव्वद वर्षं जगलेल्या माणसाची एवढीच आठवण उरावी हे फार वाईट आहे, आणि ते टाळणं अवघडही नाही. मात्र कागद ट्रंकेत आहेत आणि आजोबा ओसरीवर आहेत तोवरच त्यांचं आयुष्य लिहून ठेवायचं हे काम होतं. बासष्टला विशीत असलेले जवान आज ऐंशीच्या पुढे गेलेत.

सुरुवात डिस्चार्ज बुकापासून, म्हणजे निवृत्त होताना लष्कर देतं त्या सेवेच्या पुस्तिकेपासून करावी. त्यात आर्मी नंबर, भरतीची तारीख आणि ठिकाण, पलटण, हुद्दा, पदकं, वैद्यकीय श्रेणी, निवृत्तीचं कारण आणि वर्तणुकीचा शेरा असतो. प्रत्येक पानाचा भर उजेडात, सावली पडू न देता फोटो काढा, कोरी पानंही सोडू नका. घडीवर फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत टेप पिवळी पडते, तिचा चिकटा कागदात उतरतो आणि नेमकी तेवढीच अक्षरं जातात. लॅमिनेशन तर अजिबात नको, कारण ते पुन्हा काढता येत नाही.

वाचताना काही जागी घोटाळा होतो. जुन्या कागदावर ‘जमादार’ दिसलं तर तो आजचा नायब सुभेदार. १९६५ मध्ये हे नाव बदललं. नोकरीची वर्षं कमी वाटली तर राखीव दलाची नोंद शोधा. त्या काळी काही वर्षं प्रत्यक्ष नोकरी आणि पुढची काही वर्षं राखीव, अशी भरती असायची. घरी येऊन शेती करणाऱ्या माणसाला एकाहत्तरला पुन्हा बोलावणं आलं असेल, तर त्याचा उलगडा इथे होतो. पलटणीची बोलीतली नावंही लिहून ठेवा: ‘जंगी पलटण’ म्हणजे १ मराठा (मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन), ‘काळी पांचवी’ म्हणजे २ मराठा. जवानांच्या नोंदी सांभाळणारं रेकॉर्ड ऑफिस मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं (लष्करातले इंजिनीअर) खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला. महार रेजिमेंट उभी राहिली ती मात्र १९४१ मध्ये बेळगावातच, त्यामुळे आजोबा बेळगाव म्हणाले म्हणून लगेच ‘मराठा’ असं लिहून मोकळं होऊ नका.

पदकांकडे लोक फक्त शोभा म्हणून बघतात, खरं तर त्यांच्यावरून आयुष्यातल्या तारखा लावता येतात. समर सेवा स्टार असेल तर १९६५ मध्ये माणूस प्रत्यक्ष लढाईच्या भागात होता. नुसतं रक्षा पदक असेल तर त्या वेळी तो नोकरीत होता, पण आघाडीवर होताच असं नाही. एकाहत्तरचं तसंच: पूर्वी स्टार म्हणजे पूर्व आघाडी, पश्चिमी स्टार म्हणजे पश्चिम आघाडी, आणि संग्राम पदक त्याहून व्यापक. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं पदक असेल तर १५ ऑगस्ट १९७२ ला माणूस सेवेत होता हे नक्की. ‘आजोबा पूर्वेला लढले’ असं घरात सांगितलं जातं आणि छातीवर पश्चिमी स्टार आहे, असं दिसलं की भिंग घेऊन बसावं. गोल पदकाच्या कडेवर, जिथे नाण्याला दाते असतात तिथे, नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. टॉर्च तिरकी धरली की ते वाचता येतं. गोल पदकाची कड कोरी असेल तर ते पदक बहुधा छावणीतल्या दुकानातून घेतलेलं डुप्लिकेट. यात कमीपणा काही नाही, परेडला घालायला अनेक जण डुप्लिकेट घेत आणि मूळ पदक घरी ठेवत किंवा मूळ मिळायचंच राहून जाई. मूळ पदक मिळालंच नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला विचारावं. आणि कृपा करून चिंच, राख किंवा ब्रासो लावून पदकं घासू नका. एकेका दिवाळीला थोडी थोडी करत कडेवरची अक्षरं पुसट होतात. रिबीन मळकी असली तरी धुवायची नाही, रंग एकमेकांत उतरतात.

पत्रं सापडली तर पाकिटासकट ठेवा. पत्ता ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘मार्फत ९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस) एवढाच असेल, गावाचं नाव नसणारच, जवान कुठे आहे ते कळू नये म्हणूनच ही व्यवस्था आहे. तरी ९९ म्हणजे साधारणपणे पूर्वेकडचा भाग एवढं कळतं. शिक्क्यातला फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीखही टिपून ठेवा.

कागद लावून झाले की मग बोलायला बसा. सकाळी, चहानंतर, पाऊण तासापेक्षा जास्त नको. गोळीबाराच्या आवाजात वर्षं काढलेल्यांचं ऐकू येणं बहुतेक वरच्या पट्टीत कमी होतं, त्यामुळे ओरडून उपयोग नसतो. समोर बसून, खालच्या सुरात, सावकाश बोला. पंखा बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, खाली दुमडलेला टॉवेल. आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐका. सुरुवातीला तारीख आणि कोण कोण बसलंय ते बोलून घ्या.

‘लढाई कशी होती?’ असं विचारलं तर उत्तर एकच येतं: ‘कशी असणार!’ त्याऐवजी हाताला लागेल असं विचारा. खंदक किती खोल खणायचात, माती कशी होती? रात्री पहारा किती तासांचा? बूट ओले झाले तर काय करायचात? लंगरात चपाती कोण भाजायचं? खंदकात शेजारी कोण होता, कुठल्या गावचा? या शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ जण उघडतात, आणि काही जण एकदम मिटतात. मिटले तर तिथेच थांबायचं, त्या दिवशी पुन्हा तो विषय काढायचा नाही. ‘किती मारले?’ हा प्रश्न नातवंडांनाही विचारू देऊ नका.

वर्षं आठवत नाहीत, पासष्ट आणि एकाहत्तर एकमेकांत मिसळतात, लढाई आणि सरावही मिसळतो. मधेच दुरुस्त करत बसू नका, सांगणारा गप्प होतो. नंतर घरच्या खुणांवर लावा. पानशेत फुटलं ते १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७. बहात्तरचा दुष्काळ. ‘रजेवर आलो तेव्हा दुष्काळाची खडी फोडायची कामं चालू होती’ एवढ्या वाक्यावरून वर्ष निघतं.

पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं लिहा. जमालपूरचं उदाहरण घ्या. डिसेंबर १९७१ मध्ये तिथल्या पाकिस्तानी तुकडीला शरण या असं पत्र गेलं, आणि उत्तरासोबत बंदुकीची गोळी आली. हा किस्सा १ मराठाच्या त्या लढाईशी कायमचा जोडला गेलाय. पण पत्र वाचणारे अधिकारी मोजके, खंदकातल्या जवानापर्यंत तो नंतर पोचला. आजोबांनी तो सांगितला तर ‘ऐकलेलं’ म्हणून लिहा, आणि दहा-अकरा डिसेंबरच्या त्या रात्री ते स्वतः नेमके कुठे पडून होते ते विचारा. किस्सा पुस्तकांत आहेच. आजोबांची जागा दुसरीकडे कुठेही लिहिलेली नाही.

आता आजी. इथे बहुतेक घरं चुकतात. आजोबांचं रेकॉर्डिंग चार तासांचं आणि आजी चहा आणून देण्यापुरत्या! नोकरीची पंधरा-वीस वर्षं हा माणूस वर्षाला दोन महिन्यांच्या रजेवर घरी होता. बाकीचे दहा महिने घर कोणी चालवलं ते आजींना वेगळं बसवून विचारा. मनीऑर्डर किती रुपयांची यायची, कोणाच्या नावे, सासऱ्यांच्या की त्यांच्या? पोस्टमन पत्र वाचून दाखवायचा का, आणि उत्तर कोण लिहून द्यायचं? बाळंतपणाची खबर किती दिवसांनी पोचली? बापाने मूल पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते किती महिन्यांचं होतं, त्याच्याकडे गेलं की रडलं? फॅमिली क्वार्टर कधी मिळालं, कुठल्या छावणीत, तिथे पहिल्यांदा कोणती भाषा कानावर पडली? पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर आलेला नवरा कायमचा घरी राहायला लागला, ते पहिलं वर्ष कसं गेलं? यातलं काहीही डिस्चार्ज बुकात नाही. नंतरची तीस-चाळीस वर्षंही नाहीत: वॉचमनची रात्रपाळी, विहीर, मुलींची लग्नं, पहाटे अंथरुणाची चौकोनी घडी. आयुष्याचा मोठा भाग हाच आहे, त्याला तेवढीच पानं द्या.

या बसण्यातून एक व्यवहाराचं कामही होतं. पेन्शनच्या पीपीओवरचं (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचं) आजींचं नाव आणि आधारवरचं नाव ताडून बघा. लग्नात नाव बदललेलं, लष्करात पार्ट टू ऑर्डर (लग्न, मुलं वगैरेंची अधिकृत नोंद) निघाली माहेरच्या नावाने, आधारवर सासरचं नाव, असं आपल्याकडे सर्रास आढळतं. आजोबा हयात असताना त्यांच्या सहीच्या अर्जाने, प्रतिज्ञापत्र जोडून, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसकडे ही दुरुस्ती करता येते. ते गेल्यावर त्याच कामासाठी आजींना खेटे घालावे लागतात आणि तोवर कुटुंब निवृत्तिवेतन अडकतं. जन्मतारखेचंही तसंच. शाळेत मास्तरांनी १ जून लावलेली, लष्करात भरतीच्या दिवशी अंदाजाने वेगळीच लागलेली. पेन्शनला लष्कराच्या नोंदीतली तारीख धरतात. मूळ पेन्शनवर ८० व्या वर्षापासून २० टक्के, ८५ पासून ३०, ९० पासून ४०, ९५ पासून ५० आणि शंभरीला १०० टक्के वाढ मिळते. कुटुंब निवृत्तिवेतनालाही हीच वाढ लागू आहे, म्हणून आजींची जन्मतारीख नोंदीत आहे का, हेही याच अर्जाच्या वेळी बघून घ्या.

सगळं जमा झालं की फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने नावं लिहा, डावीकडून उजवीकडे. बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतं. रेकॉर्डिंगच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा. आणि गट फोटोत ज्या जवानाचं नाव आजोबांना आठवत नाही, तिथे ‘नाव आठवत नाही, सातारकडचा’ एवढं तरी लिहा. त्याच्या घरीही कोणी त्याला शोधत असेल.